दाद मागण्याची अरुंद होत जाणारी वाट

अमेरिकेत ‘पोलीस’ ही एक संस्था नाही. शहरे, काउंट्या, राज्ये, इतकेच काय, विद्यापीठे यांचीही मिळून तिथे सुमारे १८,००० पोलीस दले आहेत. बहुतेक काउंट्यांचा शेरीफ मतदार निवडून देतात, तर शहराचा पोलीसप्रमुख सहसा महापौर किंवा नगरव्यवस्थापक नेमतो. आपल्याकडे राज्यभराच्या दलावर एक पोलीस महासंचालक असतो. तिथे शहर पोलिसांवर अशी कोणतीही उतरंड नसते. त्यामुळे या विखुरलेल्या दलांना बांधणारा देशव्यापी धागा प्रशासनात नसून न्यायालयांच्या घटनार्थात आहे, आणि तोही मुख्यतः १७९१ च्या चौथ्या घटनादुरुस्तीच्या अर्थात. अवाजवी झडती आणि अवाजवी अटक यांना ती मनाई करते. वाजवी कशाला म्हणायचे, हे ठरवण्याचे काम तिने न्यायाधीशांवर सोडले आहे.

सामान्य माणसाची पोलिसांशी गाठ बहुधा रस्त्यावर, गाडी थांबवली जाते तेव्हा पडते. तिथले नियम पाहण्यासारखे आहेत. इंडिकेटर न देता वळण घेतले एवढ्या कारणावरून गाडी थांबवता येते. अधिकाऱ्याचा खरा हेतू अमली पदार्थ शोधण्याचा असला, तरी १९९६ च्या ‘रेन’ निकालाने तो हेतू गैरलागू ठरवला. चालकाला गाडीतून उतरायला लावण्यासाठी १९७७ च्या ‘मिम्स’ निकालापासून वेगळे कारण लागत नाही. तो सशस्त्र आणि धोकादायक असल्याचा वाजवी संशय असेल, तर १९६८ च्या ‘टेरी’ निकालानुसार कपड्यांवरून चाचपणी करता येते. २००१ च्या ‘ॲटवॉटर’ खटल्यात तर लहान मुलांना घेऊन गाडी चालवणाऱ्या टेक्सासमधील एका आईला सीटबेल्ट न लावल्याबद्दल बेड्या घालून कोठडीत नेले होते. त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा ५० डॉलर दंड एवढीच होती. अधिकाऱ्याने तारतम्य गमावले होते हे सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ मान्यच केले, आणि तरीही पाच विरुद्ध चार मतांनी ती अटक घटनेत बसते असे ठरवले.

यातला प्रत्येक निकाल सुटा वाचला, तर त्यामागचा तर्क समजू शकतो. घरोघरी बंदुका असलेल्या देशात अंधाऱ्या महामार्गावर एकटा उभा असलेला अधिकारी क्षणात निर्णय घेतो. त्याच्या मनात काय होते हे न्यायालयाने खणत बसावे का, हा प्रश्न खरा आहे. बळाच्या वापराकडेही पश्चातबुद्धीने न पाहता त्या जागी उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेने पाहावे, असे १९८९ च्या ‘ग्रॅहम’ निकालाने सांगितले. थोडक्यात, त्या क्षणी मोकळीक आणि नंतर तपासणी, असा हा व्यवहार आहे. काळजी वाटते ती त्याच्या दुसऱ्या भागाची.

बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही वगळण्याची सक्ती १९६१ पासून आहे, पण ती उपयोगी पडते ती ज्याच्याकडे काही सापडले आणि ज्याच्यावर खटला चालला त्यालाच. काहीच न सापडल्यामुळे सोडून दिलेल्या निरपराध माणसाला तिचा काडीचा आधार नाही. त्याच्यासाठी उरतो दिवाणी दावा: कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या दहशतीला आळा घालण्यासाठी १८७१ मध्ये झालेल्या कायद्यातले, आज ‘कलम १९८३’ म्हणून ओळखले जाणारे साधन. त्यावर न्यायालयांनी १९६७ पासून ‘क्वालिफाइड इम्युनिटी’चा, म्हणजे अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या मर्यादित संरक्षणाचा, थर चढवला आणि १९८२ मध्ये तो आजच्या रूपात घट्ट केला. अधिकाऱ्याने भंग केलेला हक्क त्या वेळी ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ नसेल, तर भरपाईचा दावा तिथेच संपतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते नॅशव्हिलच्या एका प्रकरणात दिसते. घरफोडीचा एक संशयित हात वर करून बसला असताना त्याच्यावर पोलिसी कुत्रा सोडण्यात आला, असा त्याचा आरोप होता. शरण आलेल्यावर कुत्रा सोडणे घटनाबाह्य आहे, असा निकाल हे प्रकरण ज्या अपील न्यायालयापुढे गेले त्यानेच आधी दिलेला होता. पण त्या आधीच्या प्रकरणातला माणूस जमिनीवर पडलेला होता, हा बसलेला. एवढ्या फरकावर २०१८ मध्ये संरक्षण मान्य झाले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

त्यात भर पडते ती २००९ च्या ‘पिअर्सन’ निकालाची. हक्काचा भंग झाला की नाही, या प्रश्नाला हात न लावता ‘कायदा स्पष्ट नव्हता’ एवढ्यावरच खटला निकाली काढण्याची मुभा त्याने न्यायाधीशांना दिली. हक्कभंगाचा प्रश्न अनिर्णित राहिला की पुढच्या वादीला दाखवायला दाखला उरत नाही, आणि दाखला नाही म्हणून त्याचाही दावा त्याच कारणाने पडतो. ज्या बाबतीत जुने दाखले मुळातच विरळ आहेत, उदाहरणार्थ चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली, तिथे ही कोंडी अधिक काळ टिकेल असे मानायला जागा आहे.

दावा जिंकला तरी धडा योग्य ठिकाणी पोहोचेलच असे नाही. कायद्याच्या प्राध्यापक जोआना श्वार्त्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वादींना मिळालेल्या रकमेपैकी अधिकाऱ्यांच्या खिशातून गेलेला वाटा अवघा ०.०२ टक्के निघाला. बाकीचा भार बहुतेक सार्वजनिक तिजोरीवर पडतो, आणि ज्या दलाची चूक त्याच्या अंदाजपत्रकाला झळ लागतेच असे नाही. वैयक्तिक दिवाळखोरीचे भय हे या संरक्षणाचे नेहमीचे समर्थन; या आकड्यापुढे ते फारसे टिकत नाही.

उलट दिशेच्या हालचालीही आहेत. कोलोरॅडोने २०२० मध्ये आणि न्यू मेक्सिकोने २०२१ मध्ये राज्याच्या कायद्याखालील दाव्यांपुरते हे संरक्षण काढून घेतले. मे २०२५ मध्ये ‘बार्न्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की गोळीबाराचा विचार करताना केवळ धोक्याचा अखेरचा क्षण नव्हे, तर सगळा घटनाक्रम पाहिला पाहिजे.

पण कलम १९८३ राज्य आणि स्थानिक अधिकाऱ्यांपुरते आहे. संघराज्याच्या अधिकाऱ्याविरुद्ध १९७१ च्या ‘बिव्हेन्स’ निकालाने उघडलेला मार्ग २०२२ च्या ‘एगबर्ट’ निकालानंतर नव्या प्रकरणांना जवळजवळ बंद आहे. संघराज्य सरकारविरुद्ध १९४६ च्या कायद्याखाली दावा होतो, मात्र तो अपवादांनी वेढलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात संघराज्याच्या अधिकाऱ्यांकडून होणाऱ्या स्थलांतर-तपासणीवर कनिष्ठ न्यायालयाने घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केले. बहुमताने कारणे दिली नाहीत. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतात लिहिले की वांशिक ओळख हे एकटे पुरेसे कारण नसले, तरी इतर गोष्टींच्या जोडीने विचारात घेता येते. आणि ज्यांच्यावर अवाजवी बळ वापरले गेले असेल, त्यांना न्यायालयाची दारे खुली आहेत असेही कॅव्हनॉ यांनी गृहीत धरले. ते दार कोणते, हे ‘एगबर्ट’नंतर सांगणे कठीण आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला रस्त्यात थांबवले गेले, तर त्याला दाद मागता येईल की नाही हे घडलेल्या अन्यायापेक्षा समोरच्या गणवेशावर, म्हणजे तो शहराचा आहे, राज्याचा आहे की संघराज्याचा, यावर अधिक अवलंबून राहील. आणि स्थानिक पोलिसांना स्थलांतर-तपासणीचे अधिकार देणारे करार वाढत असताना, त्या क्षणी तो अधिकारी नेमका कोणाच्या वतीने वागत होता, हाच वादाचा पहिला मुद्दा होईल.