घरचा उद्योग : स्थळे अनेक, हात आपला



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक नवा प्रश्न वारंवार दिसू लागला आहे. घरबसल्या एखाद्या विशिष्ट विषयाला वाहिलेले संकेतस्थळ सुरू करणारी कित्येक तरुण जोडपी आज एकावर न थांबता चार-पाच स्थळांची मालक झाली आहेत. एक स्थळ बाल्कनीतील भाजीपाल्याचे, दुसरे स्वयंपाकघरातील उपकरणांचे, तिसरे शोभेच्या माशांचे, असा हा संसार असतो. जाहिरातींचे उत्पन्न आणि वस्तूंच्या विक्रीमागे मिळणारे कमिशन यांवर तो चालतो. संसार वाढला की लेखन पगारी लेखकांकडे सोपवणे भाग पडते. मग मालकाने स्वतः लिहिणे सोडून केवळ देखरेख आणि हिशेब पाहावा काय, असा हा प्रश्न आहे. आमचे उत्तर नकारार्थी आहे. त्याची कारणे आणि त्यावरील व्यवहार्य तोड येथे मांडावयाची आहे.

अनेक विषयांचा असा संसार ही काही नवी गोष्ट नव्हे. मराठी वाचकाला तर तिचे उदाहरण घरचेच आहे. किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ (पुढे ‘किर्लोस्कर’), १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ अशी तीन निरनिराळ्या वाचकवर्गांसाठी मासिके काढली. एक घराणे, तीन नियतकालिके! ते स्वतः चित्रकार होते आणि संपादकपद सांभाळूनही व्यंगचित्रे काढीत असत. संपादकाचा हात प्रत्यक्ष कागदावर चालत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

संगणकाच्या जाळ्यावरील या प्रकारच्या उद्योगाचा इतिहास अमेरिकेत विशेष बोधप्रद झाला. १९९७ साली न्यू यॉर्कमधून ‘मायनिंग कंपनी’ या नावाने एक संकेतस्थळ सुरू झाले. १९९९ साली त्याचे नाव ‘अबाउट डॉट कॉम’ असे झाले. त्यामागील कल्पना साधी होती. प्रत्येक विषयाला एक मार्गदर्शक नेमावा. त्याने आपल्या विषयाचे लेख लिहावेत आणि वाचकांच्या शंकांना उत्तरेही द्यावीत. २००५ साली न्यू यॉर्क टाइम्सच्या कंपनीने हा उद्योग ४१ कोटी डॉलरना विकत घेतला. परंतु २०१२ साली तो विकताना तिच्या हाती ३० कोटी डॉलरच आले. मधल्या काळात, २०११ च्या फेब्रुवारीत, गूगलने आपल्या शोधयंत्राच्या पद्धतीत मोठा बदल केला होता. थातुरमातुर मजकूर खाली ढकलणाऱ्या या बदलाचा परिणाम अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर झाला. पुढे नव्या चालकांनी ते एकच अवाढव्य स्थळ मोडून आरोग्य, गृहव्यवस्था, पैसा, प्रवास अशी विषयवार स्वतंत्र स्थळे केली, जुना मजकूर मोठ्या प्रमाणावर काढून टाकला अथवा सुधारला, आणि २०१७ साली समूहाला ‘डॉटडॅश’ हे नाव दिले. २०२१ साली याच समूहाने सुमारे २७० कोटी डॉलरना मेरेडिथ ही जुनी मासिक-प्रकाशन संस्था विकत घेतली. या पुनरुज्जीवनाचे सारे श्रेय एकाच कारणाला देता येणार नाही; तथापि लेखांच्या राशी ही संपत्ती नसून, निगा न राखल्यास तो भार होतो, एवढे तरी त्यावरून स्पष्ट होते.

आता आपल्या घराकडे वळू. मालक हळूहळू विषयापासून दूर कसा जातो? तो आळसामुळे जातो असे नाही. बहुधा आकड्यांमुळे जातो. रोज सकाळी पडद्यावर त्याला आकडे दिसतात : किती लोक आले, कोणता शब्द शोधून आले, किती वेळ थांबले, उत्पन्न किती झाले. हे आकडे खरे असतात आणि उपयोगीही असतात. परंतु आलेल्या माणसाची अडचण दूर झाली की नाही, हे त्यांतील एकही आकडा सांगत नाही. येथे ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण तंतोतंत लागू पडते.

प्रेशर कुकरचेच उदाहरण घ्या. कुकरच्या कडेने वाफ जाते, शिट्टी होत नाही, या तक्रारीवर लेख लिहावयास सांगितला, तर ज्याने कुकर कधी हाताळला नाही असा लेखक दहा ठिकाणचे वाचून लिहील, की रबरी रिंग कडक झाली असेल, ती बदलावी. हे चूक नाही. परंतु वाचक विचारतो, की रिंग नवी घातली तरी वाफ जातेच, त्याचे काय? ज्या हाताने रोज कुकर लावला आहे त्याला ठाऊक असते, की आपल्या घरांत डाव किंवा पळी कुकरच्या काठावर आपटून झटकण्याची सवय असते, आणि त्यामुळे काठाला पोचे पडतात. तेथे कोणतीही नवी रिंग घट्ट बसत नाही. शिवाय आतून बसणाऱ्या झाकणाची रिंग वेगळी आणि बाहेरून बसणाऱ्या झाकणाची वेगळी, हेही सांगावे लागते. येथे केवळ लेखाच्या दर्जाचा प्रश्न नाही. कुकरमधील पाणी आटले किंवा वाफेची वाट तुंबली, तर वितळून वाफ मोकळी करणारा सुरक्षा-व्हॉल्व्ह हा कुटुंबाच्या जिवाचा रखवालदार असतो. तो गेल्यावर त्या भोकात दुसरे काही ठोकून चालत नाही, त्याच कुकरसाठी बनवलेला व्हॉल्व्हच बसवावा लागतो, हे वाक्य लेखातून निसटले तर ते आकड्यांत दिसणार नाही. एखाद्या स्वयंपाकघरात मात्र दिसेल.

दुसरे उदाहरण भाषांतराचे. आमचे रोजचे कामच ते असल्यामुळे त्यातील धोका आम्हांस जवळून ठाऊक आहे. इंग्रजी लेखात टोमॅटोला दिवसभर भरपूर ऊन द्यावे, असे लिहिलेले असते. इंग्लंडच्या उन्हाळ्यात ते योग्यच आहे. ते वाक्य निर्दोष मराठीत उतरवून नागपूरच्या मे महिन्यातील गच्चीवर ठेवले, तर भाषांतर शुद्ध राहील आणि फुले मात्र गळून पडतील. कारण दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की टोमॅटोची फळधारणा बिघडते. हा दोष शब्दकोशात सापडत नाही. ज्याने कुंडी लावली आहे त्यालाच तो वाचता वाचता खटकतो.

हे खटकणे हेच मालकाचे खरे भांडवल होय. ते एकदा मिळवून तिजोरीत ठेवता येत नाही. वर्षभर कुंडीला हात लावला नाही, तर चांगल्या लेखातील आणि नुसत्या गुळगुळीत लेखातील भेद त्याला कळेनासा होतो. २०२२ च्या अखेरीपासून मजकूर लिहिणारी यंत्रे घरोघरी पोहोचली आणि गुळगुळीत लेख जवळजवळ फुकट मिळू लागले. म्हणून हा भेद ओळखणाऱ्या माणसाची गरज अधिकच वाढली आहे. गूगलने २०२२ च्या डिसेंबरात मजकुराची पारख करणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत ‘प्रत्यक्ष अनुभव’ या कसोटीची भर घातली. आणि केवळ शोधयंत्रात वर येण्यासाठी घाऊक मजकूर निर्माण करण्याविरुद्ध २०२४ च्या मार्चमध्ये नियम कडक केले. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या नोव्हेंबरात ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक प्रसिद्ध केले. वस्तूची शिफारस करणाऱ्याने विक्रेत्याशी असलेला आपला आर्थिक संबंध उघड करावा, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या जानेवारीत मार्गदर्शक सूचना काढून सांगितले. न वापरलेल्या वस्तूची वाखाणणी करणे हे आधीही अप्रामाणिकच होते; आता ते धोक्याचेही झाले आहे.

मग मालकाने सारेच स्वतः करावे काय? मुळीच नाही. हिशेब, चित्रांची मापे, स्थळाची तांत्रिक दुरुस्ती, जाहिरातदारांशी पत्रव्यवहार ही कामे खुशाल इतरांना द्यावीत. लेखनही द्यावे. परंतु प्रत्येक स्थळासाठी महिन्याला पाच तास स्वतःकडे राखून ठेवावेत. दोन तास त्या विषयातील एखादे काम स्वतः करून त्यावर छोटे टिपण लिहावे. एक तास वाचकांच्या पत्रांना स्वहस्ते उत्तरे द्यावीत. सर्वांना शक्य नसेल तर दहांना द्यावीत. एक तास नवे लेख साध्या मोबाइलवर, अनोळखी वाचकाप्रमाणे वाचावेत. उरलेला तास जुन्या लेखांचा : बदललेल्या किमती, बंद पडलेल्या वस्तू, जुने झालेले सरकारी नियम शोधून दुरुस्त करावेत अथवा तो लेख काढून टाकावा. पाच स्थळांचे हे पंचवीस तास होतात, म्हणजे रोजचा जेमतेम एक तास. जोडप्याने विषय वाटून घेतले, तर भार आणखी हलका होईल.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. स्वतःचा हात ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या हातातील लेखणी हिसकावणे नव्हे. लेखकाचे प्रत्येक वाक्य बदलणारा मालक लेखकाला निरुत्साही करतो आणि स्वतः थकतो. आपल्या हातकामातून जे कळले ते लेखकाला सांगावे. कुकर त्याच्यापुढे ठेवावा, कुंडीची माती आणण्याचा खर्च द्यावा, वाचकाचे पत्र त्याला दाखवावे. त्याच्याकडून अनुभवाची अपेक्षा करावयाची, तर त्या अनुभवाचा मोबदलाही द्यावयास हवा. शब्दांच्या संख्येवर पैसे मोजले की शब्दच वाढतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

शेवटी स्थळे किती असावीत? ज्या विषयासाठी महिन्याचे पाच तास काढणे नकोसे वाटते, तो विषय आपला उरलेला नाही, असे खुशाल समजावे. असे स्थळ त्या विषयाची आवड असणाऱ्याला विकावे, किंवा त्यातील चार उपयुक्त लेख दुसऱ्या स्थळात सामावून ते बंद करावे. उत्पन्न देणारे स्थळ बंद करणे जिवावर येते, हे आम्ही जाणतो. मुलांची फी आणि घराचा हप्ता त्यातून जात असेल तर अधिकच. परंतु निगा न राखलेल्या स्थळाचे उत्पन्न एखाद्या सकाळी न सांगता आटते, आणि त्या वेळी विक्रीलाही गिऱ्हाईक मिळत नाही.

येत्या रविवारी एवढेच करून पाहावे. आपल्या स्थळांपैकी जे सर्वांत अधिक कमावते ते उघडावे, त्यातील सर्वांत जास्त वाचला जाणारा लेख घ्यावा आणि त्यात सांगितलेली कृती पायरीपायरीने स्वतः करावी. जेथे हात अडेल, तेथे कागदावर खूण करावी. तेथेच आपला वाचकही अडला असला पाहिजे. आणि तेथूनच आपल्या पुढील लेखाचा आरंभ करावा.