बाराव्या चौकटीतले ६०० डॉलर
न्यू जर्सीतल्या भाच्याने गेल्या वर्षी मधेच नोकरी बदलली, म्हणून या आठवड्यात त्याचे दोन डब्ल्यू-टू (पगार आणि कराचे वार्षिक फॉर्म) शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींवर बाराव्या चौकटीत ‘डब्ल्यू’ अक्षरापुढे आकडे: २,६०० आणि २,३००. हा हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये, म्हणजे औषधोपचारासाठीच्या बचत खात्यात, कंपनीमार्फत झालेला भरणा. त्याची २०२५ची एकट्या माणसाची मर्यादा ४,३०० डॉलर. म्हणजे ६०० जास्त. दोन्ही कंपन्यांचे हिशेब चोख, पण एकीला दुसरीचा पत्ता नाही. माझं मत स्पष्ट आहे, नव्या कंपनीने रुजू होतानाच आधीचा आकडा विचारायलाच हवा. ‘राहू दे, औषधपाण्याला होतील’ ही आपली काटकसर इथे महागात पडते: जादा रक्कम खात्यात राहील तितकी वर्षं ६ टक्के दंड. ते ६०० उत्पन्नात धरायचे आणि त्यांच्यावरच्या कमाईसकट काढून घ्यायचे. मात्र खातं सांभाळणाऱ्या बँकेला ‘जादा भरणा परत’ असंच लिहून द्यायचं, नाहीतर औषधोपचाराबाहेरचा खर्च समजून २० टक्क्यांचा भुर्दंड बसू शकतो. नोकरी बदललेल्या वाचकांनो, १५ एप्रिलच्या आत ही बेरीज कराच. विवरणपत्र वेळेत भरलं असेल, तर दुरुस्तीला १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते.