नकाशात न दिसणारी ईद

रमजानचा शेवटचा आठवडा आला की आपल्या फोनवर एक ठरावीक बातमी फिरू लागते. यंदा ईदला देशाने गूगलवर काय शोधलं, याची. शीरखुर्म्याची पाककृती, मेंदीची नक्षी, चाँद कधी दिसणार, शुभेच्छांचे फोटो. सोबत रंगीत नकाशा असतो, काही राज्यं गडद, काही फिकट. आणि खाली निष्कर्ष: मुस्लिम समाजाला यंदा अमुक हवं आहे, तमुक आवडतं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मूळचा सिरोंच्याचा. हा नकाशा पाहिला की मला दोन प्रश्न पडतात. यात माझं गाव कुठे आहे? आणि हा आकडा नेमका कुणाबद्दल बोलतो आहे?

आधी यंत्राचं सांगतो. गूगल ट्रेंड्स हे साधन २००६ साली सुरू झालं. त्यात २००४ पासूनचे कल पाहता येतात, पण किती लोकांनी शोधलं हे ते सांगत नाही. एखाद्या भागातल्या सगळ्या शोधांमध्ये त्या शब्दाचा वाटा किती, एवढंच ते मोजतं, तेही नमुना घेऊन, आणि सर्वात मोठ्या वाट्याला १०० धरून बाकीचे आकडे त्या प्रमाणात बसवतं. म्हणून एखादं छोटं राज्य मोठ्या राज्यापेक्षा गडद दिसू शकतं. आणि जिथे शोध फारच कमी, तिथे शून्य. हा शून्य म्हणजे कुणीच शोधलं नाही असं नव्हे. मोजण्याइतकं झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सिरोंच्यासारखं तालुक्याचं गाव या शून्यात सहज गडप होतं. प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळचं हे गाव गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. पूल ओलांडला की तेलंगणा, दुसऱ्या बाजूला इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. जिल्ह्याचं ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर दूर. इथला मुस्लिम मुलगा शाळेत मराठी, बाजारात तेलुगू, घरात दखनी वळणाची उर्दू बोलतो आणि फोनवर बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. एकच रमजान चार लिप्यांत लिहिला जातो. ट्रेंड्समध्ये साधा शब्द टाकून पाहिलात तर हे चार वेगवेगळे शब्द ठरतात. फक्त इंग्रजी शब्द टाकून काढलेला नकाशा इंग्रजीत टाइप करणाऱ्यांचाच असतो.

दुसरी अडचण जागेची. फोनचं लोकेशन बंद असेल तर शोधयंत्र नेटवर्कवरून ठिकाणाचा अंदाज बांधतं. मोबाइल कंपनीचं जोडणी-केंद्र ज्या शहरात असेल, ते शहर तुमचं गाव समजलं जाऊ शकतं. सिरोंच्यातला शोध मग नागपूर, मुंबई किंवा हैदराबादच्या खात्यात जमा होतो.

हा केवळ हिशेबाचा घोळ नाही. मुंबई आणि सिरोंचा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण रेखांशात सात अंशांचा फरक आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे सिरोंच्यात सूर्य मुंबईच्या सुमारे २८ मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. 'आज इफ्तारची वेळ' असं शोधल्यावर मुंबईचं उत्तर आलं, तर रोजेदार अर्धा तास उगाच ताटकळेल. सहरीला तेच उत्तर धरलं, तर पहाट उजाडून गेल्यावरही तो जेवत राहील आणि त्याचा रोजाच होणार नाही. हैदराबादची वेळ धरली तरी मार्चमध्ये पाच-सहा मिनिटांचा फरक पडतो.

आता दुसरा प्रश्न: आकडा कुणाबद्दल बोलतो? एखाद्या ठिकाणाहून झालेला शोध आणि त्या ठिकाणाबद्दल झालेला शोध या दोन गोष्टी निराळ्या आहेत. बारा वर्षांनी येणारा प्राणहिता पुष्कर १३ ते २४ एप्रिल २०२२ या काळात भरला. सिरोंच्याच्या घाटावर दोन-तीन राज्यांतून भाविक आले. त्याच दिवसांत रमजानही चालू होता. ३ एप्रिलला पहिला रोजा, ३ मे रोजी ईद. त्या बारा दिवसांत सिरोंच्याच्या हद्दीतून झालेले शोध बघून कुणी इथल्या माणसांचं मन वाचू पाहिलं असतं, तर त्याने यात्रेकरूंची गर्दीच वाचली असती.

'ईद मुबारक मराठी शुभेच्छा' हे कोण शोधतं, याचाही विचार करा. आपण आपल्या घरात शुभेच्छा शोधून देत नाही, त्या तोंडावर असतात. हा शोध बहुधा शेजाऱ्याचा, वर्गमित्राचा, बॅनर छापायला निघालेल्या कार्यकर्त्याचा असतो. दिवाळीत आपलीही पोरं तेच करतात. म्हणजे ईदच्या आलेखात आपल्याइतकेच आपले शेजारीही आहेत. समाजाचं निदान म्हणून तो आलेख वाचणाऱ्यांना हे दिसत नाही.

आणि काही गोष्टी कोणत्याच आलेखात येत नाहीत. १० जुलै २०२२ रोजी आणि पुन्हा २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. राज्यातल्या अनेक गावांत मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढच्या दिवसावर नेली. मशिदीत बसून, पोलीस पाटलांशी आणि शेजाऱ्यांशी बोलून हे ठरलं. कुणी गूगलला विचारलं नाही. समाजाचं शहाणपण बरेचदा न केलेल्या गोष्टींत असतं आणि न केलेल्या गोष्टीचा शोध नोंदला जात नाही.

शोधांवरून माणसं ओळखण्याची घाई मोठमोठ्यांनाही भोवली आहे. गूगलनेच २००८ मध्ये शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज देणारी सेवा सुरू केली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिचा अंदाज अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाला. साथीच्या बातम्या वाचून धडधाकट माणसंही लक्षणं शोधतात, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. २०१५ मध्ये ही सेवा लोकांसाठी बंद झाली. सणाच्या शोधांचंही असंच आहे. टीव्हीवर चाँदची चर्चा सुरू झाली की रोजा न धरणाराही चाँद शोधतो.

तरीही हे आकडे फेकून द्यावेत असं मी म्हणत नाही. सान बर्नार्डिनोच्या हल्ल्यानंतर, ६ डिसेंबर २०१५ रोजी, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी देशाला उद्देशून भाषण केलं. सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ आणि इव्हान सोल्टास या संशोधकांनी त्या वेळचे शोध तपासले. मुस्लिमांशी भेदभाव करू नका, या उपदेशाच्या भागात द्वेषाचे शोध कमी न होता वाढले. पण मुस्लिम अमेरिकन हे आपले खेळाडू आणि सैनिकही आहेत, असं ते म्हणाले, तेव्हा लोक मुस्लिम खेळाडू आणि मुस्लिम सैनिक कोण, हे शोधू लागले. एका भाषणावरून नियम बांधता येणार नाही. पण उपदेशाने माणूस आवळला जातो आणि माहितीने त्याचं कुतूहल जागं होतं, हे आपल्या मोहल्ल्यातही दिसतं.

मला शोधाची पट्टी इथे महत्त्वाची वाटते. ती प्रश्नांची पेटी आहे. माणूस चारचौघांत जे विचारत नाही, ते तिथे विचारतो. मासिक पाळीत रोज्याचं काय करायचं, हे तेरा वर्षांची मुलगी अब्बांना विचारणार नाही, फोनला विचारेल. उत्तर साधं आहे: त्या दिवसांत रोजा नाही, सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. साखरेच्या आजाराचा चाचा गोळ्यांची वेळ शोधेल. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे आणि गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांनाच विचारून बदलायचं, हे त्याला कुणीतरी त्याच्या भाषेत सांगायला हवं. शेजारचा मित्र 'बकरी ईद म्हणजे काय' हे मराठीत शोधेल. त्याला उत्तर कोण देतं, यावर बरंच काही ठरतं. आपण लिहिलं नाही, तर दुसरं कुणीतरी लिहितंच, आणि ते चांगल्या मनानेच लिहिलेलं असेल याची हमी नाही.

याच कारणाने सिरोंच्याचा शून्य मला पूर्ण वाईट वाटत नाही. जिथे रोजेदार मोजके, तिथे बारीक आकडा बाहेर आला तर कुणी काय विचारलं याची कुजबुज सुरू होईल. त्या मुलीसाठी शून्य हा पडदा आहे, तो राहू द्यावा. लहान गावाला मोजून घेण्यापेक्षा उत्तराची गरज जास्त आहे.

म्हणून, दोस्तांनो, पुढच्या रमजानआधी करता येण्याजोगी तीन कामं सुचवतो. एक, आपल्या मशिदीचं वेळापत्रक गावाच्या अक्षांश-रेखांशावरून तपासून इमामसाहेबांच्या संमतीने ऑनलाइन टाका. कागदाचा फोटो शोधात सहज सापडत नाही, म्हणून अक्षरांत टाका, मराठीत, उर्दूत आणि सीमेवर असाल तर तेलुगूतही. दोन, घरातल्या आणि शेजाऱ्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची दहा उत्तरं साध्या मराठीत लिहा. मुलींचे प्रश्न मुलींनाच लिहू द्या. तीन, मुस्लिम काय शोधतात, अशी बातमी पुढे ढकलण्याआधी विचारा: कोणता शब्द, कोणती लिपी, कुठला भाग, कशाचा वाटा? ही चार उत्तरं नसतील तर तो नकाशा रंगीत चित्रापलीकडे काही नाही.

हे करायला इंजिनिअर लागत नाही. एक फोन, एक इमामसाहेब आणि दोन संध्याकाळी पुरतात.