दसरा चौकातले दालन

कोल्हापूरच्या दसरा चौकात मधोमध राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. त्याच चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे. आपल्या समाजातील मुले शिकावीत म्हणून महाराजांनी १९०६ साली जी शिक्षणसंस्था उभी करून दिली, तिचे हे वसतिगृह. आणि त्याच चौकात शाहू स्मारक भवन आहे. या भवनातल्या कलादालनात गावोगावच्या चित्रकारांची प्रदर्शने भरत असतात. बोर्डिंग आपल्याला पाठ आहे. कुणाचे मामू तिथे राहून शिकले, कुणाचे चाचा. समोरच्या दालनाची पायरी मात्र आपल्यापैकी फार थोड्या कुटुंबांनी चढली असेल.

या महिन्यात त्या पायरीविषयी लिहावे, असे आम्ही ठरवले.

कलादालन म्हटले की आपल्याला वाटते, ते मोठ्या लोकांचे काम. महागड्या गाड्या, इंग्रजी बोलणे, लाखांच्या किमती. गावातले दालन तसे नसते. चित्रकार काही दिवसांसाठी दालन भाड्याने घेतो. स्वतःच टेम्पोतून चित्रे आणतो, स्वतःच खिळ्यांवर टांगतो, आणि दिवसभर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहतो. बहुतेक वेळा हा माणूस कुठल्या तरी शाळेत ड्रॉइंग शिकवत असतो, फ्लेक्सची डिझाइन करत असतो किंवा घरी शिकवण्या घेत असतो. आत यायला तिकीट नसते. दाराशी टेबलावर अभिप्रायाची वही असते. कुणी चार ओळी लिहिल्या, तरी त्याला दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटते.

अलीकडे अशा प्रदर्शनांत पाटीवर 'मिश्र माध्यम' असे लिहिलेले वारंवार दिसते. याचा अर्थ साधा आहे. एकाच चित्रात एकाहून अधिक प्रकारचे साहित्य वापरलेले असते. रंगाबरोबर कागदाचे तुकडे, कापड, वाळू, सुतळी, पत्रा, कातडे. आम्ही पाहिलेल्या एका प्रदर्शनात एका बाईंनी जुन्या साड्यांचे काठ आणि ओढण्यांच्या चिंध्या चिकटवून पावसाळी शेत उभे केले होते. दुसऱ्या एका तरुणाने चपलांच्या कारखान्यातून उरलेले कातड्याचे तुकडे आणले होते. त्यावर दाभणाने टाके घातले होते आणि मधल्या जागेत काळा रंग भरला होता. लांबून ते शहराच्या नकाशासारखे दिसत होते. गोधडी शिवणाऱ्या आपल्या नानी-दादींना हे दाखवले, तर त्या म्हणतील, यात नवीन ते काय? त्यांचे म्हणणे बरोबरच ठरेल. तुकडा तुकड्याला जोडून नवे काही करणे, हा हुनर आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. तो भिंतीवर टांगला नाही, इतकेच.

आता जो प्रश्न आपल्या घरात हमखास निघतो, त्याकडे वळू. चित्र काढणे दीनमध्ये चालते का? सजीवांच्या चित्रांबाबत उलेमांनी कडक मते दिली आहेत आणि आजच्या काळात त्यांच्यात मतभेदही आहेत. ज्याला शंका असेल, त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. शिक्षकाने फतवा देऊ नये. पण एक गोष्ट आपण विसरतो. चित्रावर पोट असलेल्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तूंची चित्रे काढण्याचा सल्ला दिला होता. ही हदीस सहीह बुखारीत आहे. म्हणजे एक दार बंद करताना दुसरे दार दाखवले गेले. झाडे, डोंगर, पाणी, इमारती, नक्षी, खत्ताती, आणि आज ज्याला अमूर्त म्हणतात ती रंगांची व आकारांची मांडणी, एवढे मोठे मैदान मोकळे आहे. मिश्र माध्यमातली बरीच कामे याच मैदानातली असतात.

आणि या मैदानात आपल्याच गावातला माणूस शंभर वर्षांपूर्वी उतरला होता. आबालाल रहिमान हे त्यांचे नाव. त्यांच्या घरात कुरआन शरीफच्या प्रती हाताने लिहिण्याची परंपरा होती. बोरूचे वळण आणि नक्षीचे रंग हा मुलगा लहानपणापासून पाहत होता. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. १९२२ साली महाराज गेले. आबालाल मात्र आपल्या कामातून हलले नाहीत. कोटितीर्थ तळ्याकाठी ते फकिरासारखे राहिले. सकाळचे पाणी, संध्याकाळचे पाणी, तळ्यावरचा उजेड, हेच ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. १९३१ साली त्यांचा इंतकाल झाला. बाबूराव पेंटरांसारखे कलावंत त्यांना फार मोठे मानत. कोल्हापूरला 'कलापूर' म्हणतात, त्या नावात या माणसाचा मोठा वाटा आहे. त्यांची कितीतरी चित्रे आज उरलेली नाहीत. जी सांभाळली गेली, त्यांतली काही टाऊन हॉल म्युझियममध्ये पाहायला मिळतात.

दुसरे नाव मुंबईचे, अब्दुल अझीझ रायबा. जन्म १९२२, इंतकाल २०१६. त्यांचीही सुरुवात उर्दू आणि खत्ताती यांपासून, आणि पुढचे शिक्षण जे. जे. मध्ये. त्यांनी कॅनव्हासऐवजी तागाच्या गोणपाटावर चित्रे काढली, काचेवरही काढली. गोणपाटाचा खरखरीत पोत त्यांच्या चित्रांचाच भाग झाला. आज मिश्र माध्यम शिकणाऱ्या मुलांना हे उदाहरण जवळचे वाटावे. हाताशी जे आहे, त्यातूनही काम उभे राहते.

हे सगळे आज लिहायचे कारण वेगळे आहे. आमच्या ओळखीतली एक मुलगी बारावीत आहे. शाळेत असताना तिने ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या. इंटरमिजिएटला तिला 'अ' श्रेणी मिळाली. तिला बीएफए करायचे आहे. तिचे अब्बा रिक्षांच्या आणि मोटारींच्या सीटा शिवतात. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्हीच तिला समजवा. डीएड करू दे, नाहीतर बीकॉम. चित्रां काढून कुणाचं घर चाललंय?" त्यांचा प्रश्न खोटा नाही. घरात कमावणारे ते एकटे, आणि मागे आणखी दोघे शिकणारे. अशा बापाला कलेच्या महतीवर व्याख्यान देणे म्हणजे त्याच्या काळजीची थट्टा करणे होय.

आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की, नाही म्हणण्याआधी एकदा दालनात चला. शुक्रवारी जुम्मानंतर ते, मुलगी आणि तिची अम्मी असे तिघे आले. कातड्याच्या त्या चित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी चित्रकाराला विचारले, "हा टाका दुहेरी दोऱ्याचा आहे ना? आणि चिकटवायला काय वापरलंय? उन्हात हे सुटणार." तो तरुण खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. पाऊण तास दोघे सोल्यूशन, दोरा आणि रेग्झिन यांवर बोलत होते. मुलगी नुसती ऐकत होती. आपल्या अब्बांच्या हातातली विद्या या दालनात कुणी आदराने विचारून घेत आहे, हे तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिले असेल.

निर्णय अजून झालेला नाही. बीएफएसाठी राज्याची प्रवेश परीक्षा असते. तिचा फॉर्म भरायला त्यांनी परवानगी दिली आहे, बरोबर बीकॉमचाही फॉर्म भरायचा या अटीवर. ही अट आम्हाला शहाणपणाची वाटते. बीएफए झालेल्यांना शाळेतली कलाशिक्षकाची नोकरी, कापडावरचे डिझाइन, पुस्तकांची मांडणी, पॅकिंगची चित्रे, ॲनिमेशन, सिनेमाचे सेट अशी कामे मिळू शकतात. ती सहज मिळतात, असे आम्ही म्हणणार नाही. फी, साहित्याचा खर्च आणि वसतिगृह यांचा हिशेब आधी कागदावर मांडावा. शिष्यवृत्तीची चौकशी कॉलेजच्या कार्यालयात स्वतः जाऊन करावी. स्वप्न आणि हिशेब एकाच वहीत लिहिले, तर भांडणे कमी होतात.

आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात असे दालन असेल, तर सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जा. चित्राला हात लावू नये, एवढे आधी सांगा. घाई करू नका. दहा चित्रे भराभर पाहण्यापेक्षा दोन चित्रांपुढे थांबा. 'हे काय आहे?' असे विचारण्याऐवजी 'हे कसे केले?' असे विचारा. चित्रकार मोकळेपणाने बोलू लागतो. विकत घेण्याची ऐपत असेल, तर एखादे छोटे काम जरूर घ्या. वर्तमानपत्राचा कागद लावलेले काम असेल, तर तो पिवळा पडू नये म्हणून काय केले आहे ते विचारा. घरी ते थेट उन्हात किंवा ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका. घेणे शक्य नसेल, तर वहीत नाव आणि दोन ओळी लिहा, उर्दूत लिहा, मराठीत लिहा.

आबालालांची जी चित्रे वाचली, ती कुणीतरी सांभाळली म्हणून वाचली. आपल्या घरातही एखादी चित्रवही माळ्यावर पडली असेल, एखाद्या बहिणीने लग्नाआधी भरलेली. या रविवारी ती खाली काढा, धूळ झटका, आणि जिने ती भरली तिच्या मुलांच्या हातात द्या.