टेप कुणाच्या बापाची?

गेल्या शनिवारी एका ओळखीच्या काकांकडे गेलो होतो. वय साठीच्या पुढे, कोथरूडात टू बीएचके, आणि आतल्या खोलीत भिंतभर लेड झेपलिन. पोस्टर्स नव्हेत हो, रेकॉर्डिंग्ज! कॅसेट्स, सीडी-आर, दोन-चार डॅट टेपा. सगळ्यांवर बारीक अक्षरात तारीख, गाव, हॉल. कपाटाला कुलूप. मी चहा विसरून बघत बसलो.

थोड्या वेळानं धीर करून १९७३च्या अमेरिकन दौऱ्यातल्या एका शोची तारीख सांगितली. काका हसले. "आहे ना. मास्टरवरून केलेली पहिली कॉपी आहे."

"एक कॉपी मिळेल का, काका?"

"बदल्यात काय देणार तू?"

झालं. जे काका मला गरम पोहे वाढून वर 'अजून घे रे' म्हणत होते, ते एका सेकंदात मारवाडी पेढीवरचे मुनीम झाले. माझ्याकडे त्यांच्याकडे नसलेलं काहीच नव्हतं. मी रिकाम्या हातानं घरी आलो, आणि तेव्हापासून डोकं फिरलेलं आहे. म्हणून हा लेख.

ज्यांना या नादाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेड झेपलिन १९६८ ते १९८० या काळात शेकडो शो वाजवून गेली, पण बँड चालू असताना अधिकृत लाइव्ह अल्बम आला तो एकच, १९७६चा. आणि स्टेजवर हे लोक रेकॉर्डवरचं गाणं तसंच्या तसं वाजवत नसत. रेकॉर्डवर साडेसहा मिनिटांचं गाणं स्टेजवर अर्धा तास चालायचं, आणि आजचा अर्धा तास कालच्यासारखा नसायचा. (मैफलीला जाणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको.) त्यामुळे त्या रात्रींचं जे काही उरलंय ते बरंचसं प्रेक्षकांत चोरून ठेवलेल्या टेपरेकॉर्डरमुळे. आणि चोरून म्हणजे खरोखर चोरून! त्यांचा मॅनेजर पीटर ग्रँट हा अवाढव्य माणूस, आणि हॉलमध्ये मायक्रोफोन दिसला तर तो काय करेल याचा नेम नसे.

यातला सगळ्यात मोठा अवलिया म्हणजे लॉस एंजेलिसचा माइक मिलार्ड. हा पठ्ठ्या चांगला धडधाकट, पण शोला व्हीलचेअरवर बसून जायचा. खुर्चीखाली नाकामिची ५५० डेक! आत शिरलं की एकेजीचे मायक्रोफोन लावायचे आणि शांतपणे रेकॉर्ड करायचं. २१ जून १९७७ला लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये त्यानं टेप केलेला शो आजही लोक 'प्रेक्षकांतून केलेलं रेकॉर्डिंग किती चांगलं असू शकतं' याचा नमुना म्हणून ऐकवतात.

मिलार्ड १९९४ साली गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं सगळीकडे एकच बोललं जायचं, की त्याच्या मास्टर टेपा नष्ट झाल्या. झाल्या नव्हत्या. घरीच पडून होत्या. २०१९पासून त्या एकेक करून बाहेर यायला लागल्या, कुणालाही ऐकता येतील अशा, फुकट. पुढे काय झालं बघा. मिलार्डनं २६ एप्रिल १९७५ला लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरेनात पिंक फ्लॉइडचा शो असाच टेप केला होता. २०२५च्या डिसेंबरात 'विश यू वेअर हिअर'ला पन्नास वर्षं झाली म्हणून जो बॉक्स सेट आला, त्यात ते रेकॉर्डिंग स्टीव्हन विल्सनकडून साफसूफ करून अधिकृतपणे घातलं! ज्या माणसाला दारात पकडलं असतं तर हाकलून दिलं असतं, त्याचीच टेप शेवटी बँडच्या कामी आली.

आता जरा विचार करा, त्या टेपा खरंच कुलपात राहिल्या असत्या तर?

हा काही एकटादुकटा किस्सा नाही. मार्च १९६९मध्ये झेपलिननं बीबीसीसाठी एक सेशन केलं. बीबीसीनं ती टेप सांभाळली नाही. २०१६ला 'द कम्प्लीट बीबीसी सेशन्स' निघालं, तेव्हा ते सेशन आलं कुठून? घरी बसून रेडिओवरून टेप करणाऱ्या एका श्रोत्याकडून! आवाज खरखरीत आहे, पण आहे. एवढ्या मोठ्या संस्थेनं घालवलं ते एका घरगुती टेपरेकॉर्डरनं वाचवलं.

आणि आपल्या मुंबईचंच घ्या ना. १९७२ साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबात वाजवून गेले, आणि इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. अधिकृतपणे ती आली २०१५मध्ये. मधली कितीतरी वर्षं ती लोकांनी ऐकली ती बूटलेगवर, कॉपीच्या कॉपीच्या कॉपीवर. कुणीतरी कुणालातरी दिली म्हणून.

तर आता काकांचे (आणि काकांसारख्या जगभरच्या तमाम कपाटवाल्यांचे) मुद्दे घेऊ. मी हे सगळे तोंडपाठ ऐकलेत.

मुद्दा पहिला: "मी मेहनतीनं जमवलंय." मान्य. पण काका, तुम्ही जमवलंत, वाजवलं नाहीत. व्हीलचेअरवरही बसला नाहीत. तुम्हाला ती टेप मिळाली कारण तुमच्या आधीच्या कुणीतरी कॉपी दिली. साखळीनं तुमच्यापर्यंत यायचं आणि तुमच्यापाशी थांबायचं, हा कुठला न्याय?

मुद्दा दुसरा: "दिलं की धंदेवाले छापून विकतात." हा मुद्दा खरा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. बूटलेगवाले विकतात, महाग विकतात, आणि वाजवणाऱ्याला एक पैसा देत नाहीत. पण त्यांचा धंदा चालतो कशावर? टंचाईवर! जी टेप उत्तम दर्जात फुकट मिळते तिला कोण पैसे मोजेल? कुलूप लावून तुम्ही धंदेवाल्याला अडवत नाही, त्याचा भाव वाढवून देता.

मुद्दा तिसरा: "कायद्यानं हे बँडचं आहे." अगदी बरोबर. मग बँडनं उद्या मागितलं तर द्या. बंद करा म्हणाले तर बंद करा. पण या मुद्द्यानं हक्क बँडकडे जातो, किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याच्याकडे नाही.

मुद्दा चौथा कुणी बोलून दाखवत नाही, पण खरा तोच आहे: सगळ्यांकडे असलं तर माझ्याकडे असण्यात मजा काय? शिष्यालाही अस्ताई देऊन अंतरा न देणाऱ्या बुवांचे किस्से आपण हसत हसत सांगतो. त्यापायी किती बंदिशी बुवांबरोबर गेल्या ते मात्र मोजत नाही.

याच्या बरोबर उलटं उदाहरण ग्रेटफुल डेडचं. १९८४पासून त्यांनी टेप करणाऱ्यांसाठी हॉलमध्ये वेगळी जागाच ठेवली. अट एकच: वाटा, विकू नका. ८ मे १९७७चा त्यांचा कॉर्नेल विद्यापीठातला शो अधिकृतपणे निघाला २०१७मध्ये. त्याच्या काही वर्षं आधीच तो अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत गेला होता. हातोहात फिरलेल्या कॉपींनी त्याला तिथवर नेलं.

आता माझं पाप. २००४ साली परदेशातल्या एका ट्रेडरकडून मला झेपलिनचा १९७१चा एक शो मिळाला, दोन सीडी-आर. अट अशी की पुढे कुणाला द्यायचा नाही. माझा रूममेट महिनाभर मागे लागला होता. मी नाही म्हणजे नाही दिला. वर 'शब्द दिलाय यार' म्हणून भावही खाल्ला. तो गेला अमेरिकेला. आठेक वर्षांनी हौसेनं सीडी काढली, तर वरचा थर पापडासारखा सुटलेला. ड्राइव्ह नुसता घरघरला. ट्रेडरला मेल टाकली, ती परत आली. नंतर रूममेट भेटला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "तुझ्याकडे होता ना रे तो शो?"

होता.

दिवसभर ऑफिसात मी लोकांना शिकवतो, एकच कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हर एक असेल तर तो पडणार, फक्त कधी ते ठरायचंय. आणि घरी येऊन मी स्वतः तोच एकटा सर्व्हर झालो होतो! रूममेटला कॉपी दिली असती तर आज त्याच्याकडून परत घेतली असती. इतकं साधं गणित.

असो. काका, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. पुण्याच्या चार पावसाळ्यांत कॅसेटला पांढरी बुरशी धरते, आतला फेल्टचा तुकडा गळून पडतो. तुमच्या कपाटातल्या निम्म्या टेपा शेवटच्या कधी वाजल्या होत्या? पुढच्या शनिवारी मी येतो. हेड साफ करायला स्पिरिट, कापूस आणि दोन हार्डडिस्क मी आणतो. एमपीथ्री नाही, फ्लॅकच करू, शब्द. एक डिस्क तुमची, एक माझी. मास्टर तुमचं, कपाट तुमचं, कुलूपसुद्धा तुमचं.

बदल्यात काय देणार म्हणालात ना? तुमच्यानंतरही ती टेप वाजेल, एवढंच माझ्याकडे देण्यासारखं आहे.

आणि पोहे तेवढे परत करा. फक्कड झाले होते.