पुसणारा कुणी आहे का?

पुसेगाव म्हटले की बहुतेकांना साताऱ्याकडचे सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. दुसरे एक पुसेगाव मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात आहे. कापूस, सोयाबीन आणि हळदीचा हा मुलूख. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काही असो, ‘पुसणे’ या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक विचारणे आणि दुसरा खोडून टाकणे. आपल्या उच्च शिक्षणाची अवस्था सांगायला हे दोन अर्थ पुरेसे आहेत. जिथे पहिल्या अर्थाने कुणी पुसत नाही, तिथे दुसऱ्या अर्थाने सगळेच पुसले जाते.

निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ झाले. स्वामीजी स्वतः हाडाचे शिक्षक. इतक्या कष्टाने दारात आलेली ही गंगा आता कुणी गढूळ केली, हा प्रश्न विचारायला नको काय?

शिक्षणातला भ्रष्टाचार महाराष्ट्राला नवा नाही. १९८५ च्या एम.डी. परीक्षेत मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे गुण वाढवल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांना पद सोडावे लागले. मुख्यमंत्री मराठवाड्याचेच होते. या प्रकरणातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. न्यायालयात कुणी विरोधी पक्षनेता गेला नव्हता. त्याच परीक्षेला बसलेला एक उमेदवार गेला होता. एका विद्यार्थ्याने पुसले, म्हणून राज्याला उत्तर द्यावे लागले.

पुढे १९९९ मध्ये नागपूर विद्यापीठातला गुणवाढीचा घोटाळा उघडकीस आला. तेव्हा खळबळ माजली, चौकशा झाल्या. पण असे घोटाळे म्हणजे नुसते फोड आहेत. रोग रक्तात आहे, आणि तो रोज, बिनबोभाट, सर्वांच्या संमतीने चालतो.

१९८३ मध्ये विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले. देणगीचा बाजार इतका वाढला की १९८७ मध्ये सरकारला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. कायदा झाला, पण व्यवहार मेजाखालून होऊ लागला. आज प्राध्यापकाच्या कायम जागेचा ‘भाव’ चहाच्या टपरीवरही बोलला जातो. सेट-नेट होऊनही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुणाला तो भाव ऐकवला जातो, आणि बाप वावर विकायला काढतो. ज्याने जागेसाठी जमीन गमावली, त्याच्याकडून ज्ञानदानाच्या निष्ठेची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? ज्याला ती रक्कम जमली नाही, त्याची गुणवत्ता तर हिशेबातच येत नाही.

संशोधनाची कथा याहून न्यारी. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणांकन पद्धत आणली. निबंध छापला की गुण! लगोलग पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके कुत्र्याच्या छत्रीसारखी उगवली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १००९ नियतकालिके तपासली. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जेमतेम ११ टक्के कसोटीला उतरली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. त्याच वर्षी वाङ्मयचौर्याचे नियमही आले. साठ टक्क्यांहून अधिक मजकूर जुळला तर संशोधकाची नोंदणीच रद्द. पण हे मोजायला यंत्र बसवले, आणि जे छापील मराठी पुस्तक संगणकावर नाही, त्यातून केलेली चोरी त्या यंत्राला दिसणार कशी? तिथे प्रबंध वाचणारा मार्गदर्शक लागतो. न वाचता सही करणारा असेल तर यंत्र काय करील?

या व्यवहारात प्रत्येकाला काही ना काही मिळते, म्हणून तर तो टिकतो. संस्थेला अनुदान, प्राध्यापकाला बढती, वर्गात न फिरकणाऱ्या विद्यार्थ्याला हजेरी, कॉपी करणाऱ्याला पदवी, आणि आईबापाला दारावर लावायला पाटी. मग हरते कोण? पुसेगावसारख्या गावातून एस.टी.चा पास काढून रोज कॉलेज गाठणारी मुलगी हरते. पुढाऱ्याच्या मुलाची पदवी खोटी निघाली तरी त्याच्यामागे बापाचा कारखाना असतो, ओळख असते, पैसा असतो. हिच्याजवळ त्या कागदाखेरीज काही नाही. नोकरी देणाराने ‘त्या भागातली पदवी ना?’ म्हणून तोंड वाकडे केले की प्रामाणिकपणे मिळवलेले तिचे गुणही कवडीमोल होतात. कॉपी करणारा सरकारला फसवत नाही, शेजारच्या बाकावरच्या हुशार मुलीला लुबाडतो.

प्रामाणिकपणे शिकवणारे प्राध्यापक आजही आहेत, आणि त्यांना एकटे पाडले जाते, हेही तितकेच खरे. परीक्षेच्या दालनात कडक राहिलेल्या प्राध्यापकाच्या बाजूने गावातला एक तरी पालक उभा राहतो का? आपण कपाशीचे बी घेताना पिशवी उलटसुलट करून पाहतो, बोगस निघाले तर दुकानदाराच्या दारात जाऊन बसतो. मुलांची तीन वर्षे घालताना मात्र एवढेही पुसत नाही, की बाबांनो, वर्ग भरतो का? प्रयोगशाळेचे कुलूप कधी उघडते? शिकवणारा कोण, आणि त्याला पगार किती?

हे प्रश्न मुंबईहून कुणी येऊन विचारणार नाही. १९८६ मध्ये एका परीक्षार्थीने पुसले होते. आता गावाने पुसावे. नाहीतर आपल्याच लेकरांचे भवितव्य आपल्या डोळ्यांदेखत पुसले जाईल.