कोराडीच्या आकाशातला ओझोन: वर हवा, खाली नको! मग मोजायचा कसा?

कोराडीच्या वीज केंद्राचा विषय निघाला की राख आणि सल्फर डायऑक्साइडवर बोललं जातं. २०२३ मध्ये ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली, तेव्हाही प्रदूषणाचा मुद्दा तापला होता. ओझोन मात्र चर्चेत मागेच राहतो.

ओझोन चांगला की वाईट?
तो किती उंचीवर आहे, त्यावर ठरतं. सुमारे ९० टक्के ओझोन वरच्या थरात असतो आणि सूर्याची घातक अतिनील किरणं अडवतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र फुप्फुसांना त्रास देतो. तो चिमणीतून थेट निघत नाही. कोळसा जळताना नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. त्यांची हवेतल्या सेंद्रिय वाफांशी उन्हात प्रक्रिया होऊन ओझोन बनतो.

उंचीनुसार मोजतात कसा?
पुण्याच्या हवामान खात्यात अ‍ॅना मणी यांनी फुग्यातून सोडायचं भारतीय ओझोनमापक यंत्र विकसित केलं. पण फुगा साधारण ३०-३५ किलोमीटरवर फुटतो. त्याच्याही वरचा ओझोन मोजण्यासाठी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी केरळमधल्या थुंबा इथून रॉकेटमधून प्रकाशमापक पाठवले.

तत्त्व सोपं आहे: ओझोन अतिनील प्रकाश शोषतो. रॉकेट वर जातं, तसा डोक्यावरचा ओझोन कमी होतो आणि यंत्रावर जास्त प्रकाश पडतो. ही वाढ पाहून प्रत्येक उंचीवरचा ओझोन काढता येतो.

कोराडीला याचा काय उपयोग?
इथे रॉकेट लागत नाही, पण तत्त्व तेच. जमिनीवरच्या यंत्रात हवेच्या नळीतून अतिनील प्रकाश सोडतात आणि किती शोषला गेला ते पाहतात. देशाची मर्यादा ८ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, तर १ तासाला १८० आहे.

खरी मेख जागेत आहे. चिमणीच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड आधी जवळचा ओझोन संपवतो. तो वाढू शकतो वाऱ्याच्या दिशेने, काही किलोमीटर पुढे. म्हणजे केंद्राच्या फाटकाजवळचा आकडा कमी दिसला, तरी पुढच्या वस्तीत तो जास्त असू शकतो.

आणखी एक गोष्ट. ज्या एफजीडी यंत्रणेची मागणी होते, ती सल्फर डायऑक्साइडसाठी असते. ओझोनसाठी नायट्रोजन ऑक्साइडवर वेगळं नियंत्रण लागतं.

म्हणून पुढच्या वेळी ‘हवा ठीक आहे’ असं कुणी म्हटलं, तर दोन प्रश्न नक्की विचारा: ओझोन मोजला का? आणि कुठे?